घरच्या नेटवर्कसाठी मेल सर्व्हर: कोणतं सॉफ्टवेअर निवडायचं?

जीमेलचे १५ जीबी भरत आले की जागा विकत घ्या म्हणून फोन मागे लागतो. हे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून असतात, त्यामुळे फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ते पटकन संपतात. मग घरात पडलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय बघून डोक्यात येतं, आपलाच मेल सर्व्हर का टाकू नये?

टाकता येतो. पण बहुतेक जण सुरुवात 'पोस्टफिक्स चांगलं की एक्झिम' इथून करतात. मीही तीच केली आणि दोन दिवस वाया घालवले. आधी हे ठरवा, की सर्व्हरकडून तुम्हाला नक्की कोणतं काम हवंय. कारण मेल सर्व्हर हे एकच सॉफ्टवेअर नसतं. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवणारा एक प्रोग्राम असतो, तो एसएमटीपी भाषेत बोलतो. आलेले मेल साठवून तुमच्या फोनला दाखवणारा दुसरा असतो, त्याची भाषा आयमॅप. स्पॅम गाळणारा तिसरा. घरात यातले तिन्ही लागतीलच असं नाही.

अडचण सॉफ्टवेअरची नाही, कनेक्शनची आहे

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वर बोलतात. घरगुती ब्रॉडबँडवर हे पोर्ट बऱ्याचदा बंदच असतं, कारण व्हायरस लागलेले घरातले कॉम्प्युटर याच वाटेने स्पॅम पाठवतात. शिवाय अनेक कनेक्शनवर सीजीनॅट असतं, म्हणजे एकच आयपी पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला. अशा वेळी बाहेरचा सर्व्हर तुमच्या घरापर्यंत पोचूच शकत नाही.

समजा पोर्ट उघडं आहे. तरी घरगुती आयपी पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउससारख्या याद्यांमध्ये आधीपासून नोंदलेले असतात, आणि अनेक सर्व्हर या याद्या बघून मेल दारातूनच परत पाठवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, आणि पाठवणाऱ्या आयपीचा रिव्हर्स डीएनएससुद्धा नीट लागतो. पहिल्या दोन नोंदी तुम्ही स्वतः डोमेनवर करू शकता. रिव्हर्स डीएनएस मात्र आयपी ज्याचा त्याच्या हातात, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या. घरगुती ग्राहकाला तो सहसा बदलून मिळत नाही.

इथे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवत नाही. उपाय एकच, बाहेर जाणारे मेल दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्फत, म्हणजे रिलेमार्फत, पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून पाठवायचे.

मग काय घ्यायचं?

फक्त अलर्ट हवे असतील, म्हणजे 'बॅकअप झाला', 'डिस्क भरली' एवढंच मेलवर कळायला हवं असेल, तर सर्व्हर नकोच. एमएसएमटीपी हा छोटासा प्रोग्राम टाका. तो तुमच्या नेहमीच्या मेल खात्यातून अलर्ट पाठवतो. जीमेल वापरत असाल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड घ्या, खरा पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका.

जुने मेल घरी आणून जीमेल रिकामं करायचं असेल, तर डवकॉट आणि एमबीसिंक ही जोडी. माझ्या मते घरच्या नेटवर्कवर सगळ्यात उपयोगी काम हेच. एमबीसिंक जीमेलमधून मेल खाली आणतो, डवकॉट ते घरातल्या सगळ्या फोनना दाखवतो. पोर्ट २५ नाही, डोमेन नाही, स्पॅमहाउसची भानगड नाही. १ जीबी रॅमच्या पायवर आरामात चालतं.

पण तीन गोष्टी सांभाळा. एमबीसिंकच्या सेटिंगमध्ये सिंकची दिशा 'पुल न्यू' एवढीच ठेवा. दोन्हीकडचं सिंक आणि एक्सपंज चालू राहिलं, तर जीमेलमधून मेल उडवल्यावर घरची प्रतही उडेल, आणि सगळा खटाटोप ज्यासाठी केला तेच जाईल. दुसरं, जीमेलची लेबलं आयमॅपमध्ये फोल्डर म्हणून दिसतात. सगळे फोल्डर आणले तर एकच मेल तीन-तीनदा येतो, म्हणून फक्त 'ऑल मेल' आणा. तिसरं, डवकॉट २.४ मध्ये सेटिंग लिहायची पद्धत बदलली आहे आणि डेबियन १३ मध्ये हेच व्हर्जन येतं. जुन्या व्हिडिओतलं कॉपी-पेस्ट तिथे चालणार नाही.

फोनवर थंडरबर्ड किंवा के-नाइन टाका, सर्व्हरच्या जागी पायचा घरातला आयपी आणि पोर्ट ९९३ द्या. घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडू नका, टेलस्केल वापरा. ते सीजीनॅटमागेही चालतं.

आता स्वतःच्या डोमेनवर पूर्ण सर्व्हर. शिकायला म्हणून कराच, आणि तेव्हा पोस्टफिक्स व डवकॉट घ्या. पोस्टफिक्स वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलं, ते १९९८ मध्ये बाहेर आलं. काम छोट्या-छोट्या वेगळ्या प्रोग्राममध्ये वाटलेलं असल्याने कुठे अडलं ते लॉगमध्ये लगेच सापडतं. एक्झिम वाईट नाही, डेबियनचं वर्षानुवर्षं तेच डीफॉल्ट, पण नवख्याला त्याची सेटिंग फाइल जड जाते. मॅडी किंवा स्टॉलवर्टमध्ये सगळं एकाच प्रोग्राममध्ये मिळतं, हात कमी भरतात. मेलकाऊ दिसायला सुंदर आहे, पण त्याला किमान ६ जीबी रॅम हवी. पायवर त्याचा हट्ट धरू नका.

हा सर्व्हर मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चालवला. तेव्हा पब्लिक आयपी होता, पोर्ट २५ वर मेल येत होते, आणि त्या आनंदात मी धाकट्या बहिणीच्या ॲडमिशन फॉर्मवर त्याच डोमेनचा पत्ता टाकला. ज्या दिवशी कागदपत्रं मागवणारा मेल यायचा होता, त्याच दिवशी दुपारी लाइट गेली. सात वाजता आली. मेल साडेनऊला पोचला, कागदपत्रांची मुदत सहाची. मेल हरवला नव्हता. पाठवणारा सर्व्हर असा मेल जपून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. पोस्टफिक्स तर डीफॉल्टने पाच दिवस थांबतं. थांबलं नाही ते कॉलेज. दुसऱ्या दिवशी आई आणि ती काउंटरवर तीन तास उभ्या होत्या, तेव्हा कुठे फॉर्म घेतला. तेव्हापासून बँक, ॲडमिशन, नोकरी यांचे मेल मी घरच्या सर्व्हरवर घेत नाही.

पोस्टफिक्स लावलंत तर 'मायनेटवर्क्स' या सेटिंगमध्ये फक्त घरातले पत्ते ठेवा. काहीतरी चालत नाही म्हणून तिथे सगळं जग मोकळं केलं, तर तुमचा सर्व्हर ओपन रिले होतो आणि परके लोक त्यातून स्पॅम पाठवायला लागतात.

आणि मेल एसडी कार्डवर साठवू नका, सतत लिहिल्याने ती मरतात. यूएसबी एसएसडी लावा, डवकॉटला मेलडिर फॉरमॅट द्या. त्यात प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते, त्यामुळे आरसिंकने रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर नवीन तेवढंच कॉपी होतं. जीमेलमधलं काहीही डिलीट करण्याआधी त्या दुसऱ्या डिस्कवरचे दोन-चार जुने मेल उघडून बघा.