साग-साल सीमा

मध्य भारतात सागाची वने विरळ होत जाऊन सालाची वने जिथे सुरू होतात, त्या पट्ट्याला साग-साल सीमा म्हणतात. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस आणि साल म्हणजे शोरिया रोबस्टा. दोघेही पानझडी जंगलातले महावृक्ष. जमीन मानवली की तीस मीटरच्या वर जातात, पण एकमेकांच्या शेजारी सहसा नांदत नाहीत. भंडारा जिल्हा सागाच्या बाजूला पडतो. कोका अभयारण्यात किंवा गायखुरीच्या टेकड्यांवर साग, ऐन, बीजा, धावडा, मोह भेटतात. साल पाहायचा तर ईशान्येला कान्ह्याकडे जावे लागते.

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिमेला साग, पूर्वेला साल ही विभागणी त्यांनी त्यात नोंदवली आणि बारशिंगा व तांबडा रानकोंबडा सालाच्या सोबतीने राहतात, असेही निरीक्षण मांडले. पचमढीजवळच्या देनवा खोऱ्यातले सालाचे तुटक बेट हा त्यांचा आवडता दाखला.

सीमा का पडली, यावर मात्र एकमत नाही. काळ्या बेसाल्टावर साग आणि इतर खडकांवर साल, हे जुने उत्तर. भंडाऱ्यात ते चालत नाही. इथे बेसाल्ट जवळजवळ नाहीच, बहुतेक खडक अतिप्राचीन स्फटिकमय. तरी जंगल सागाचे! उलट मैकल रांगेत बेसाल्टाच्या मुलखातही साल उभा आहे. पावसाचे कारणही अपुरे, कारण जिल्ह्यात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो आणि एवढ्यावर साल अन्यत्र वाढतो.

बियांकडे पाहिले की थोडा उलगडा होतो. सालाचे पाच पंखांचे फळ जूनच्या सुमारास गळते आणि बी आठवडाभरात रुजण्याची ताकद गमावते; पावसाने ओढ दिली की त्या वर्षीचे पीक वाया. सागाचे फळ केसाळ, आत हाडासारखी कठीण आठोळी. ते वर्षभरही पडून राहते. रोपवाटिकेत त्याला आळीपाळीने भिजवून वाळवतात, तेव्हा कुठे कोंब फुटतो. सागाला निचरा आणि चुना हवा, सालाला खोल, ओलसर, किंचित आम्लधर्मी माती.

बारशिंग्याचे कोडे वेगळे. कान्ह्यात १९६३-६५ या काळात काम करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचे गवताळ मैदानांवरील अवलंबन दाखवले. सालवन त्या मैदानांच्या कडेला असते, इतकेच. त्यामुळे फॉर्सिथ यांचे निरीक्षण खरे असले तरी त्यातून काढलेले नाते सैल ठरते.

आजच्या नकाशात माणसाचा हातही आहे, आणि वादात तो बहुधा कमी मोजला जातो. ब्रिटिश वनखात्याने लाकडाच्या किमतीपायी सागाला झुकते माप दिले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने पूर्व विदर्भात मिश्र जंगल तोडून सागाची रोपे लावली. ओळीत उभे असलेले हे साग सीमेच्या अभ्यासात धरायचे की नाही, हे आधी ठरवावे लागते.