कागदपत्र-संग्रह, मराठेशाहीतील

मराठेशाहीतील पत्रे, सनदा, महजर व हिशेब हुडकून जतन करण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोमाने सुरू झाला. हे कागद बहुतांशी मोडी लिपीत असून सरदार, कारकून व वतनदार यांच्या वाड्यांतून रुमालांत बांधलेले होते. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धनांचे दप्तर अभ्यासिले, वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला, द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी नाना फडणीसांचे मेणवली दप्तर मिळविले. पुढे १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

पाश्चात्त्य संग्राहक स्वाक्षरीला महत्त्व देतो. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्य-जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांच्या हस्ताक्षरांचा संच पुरा करणे, हे तेथील संग्राहकांचे ध्येय होते. बटन ग्विनेट हा १७७७ मध्येच द्वंद्वयुद्धातील जखमेने मरण पावल्यामुळे त्याची सही अतिदुर्मिळ झाली. विल्यम स्प्रेग (१७९५–१८७६) याने तर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या दप्तरातील मूळ पत्रे काढून घेऊन त्या जागी नकला ठेवल्या.

मराठी कागदास हा मापदंड लागू पडत नाही. राजपत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा. त्याला प्रामाण्य येई ते माथ्यावरील शिक्क्याने व अखेरच्या मोर्तबाने. महजरावर पाटील नांगराची, तर न्हावी आरशाची निशाणी करी. शिवाय पत्रात हिजरी महिना व चंद्र दिलेला असला, तरी वर्ष पुष्कळदा नसते. ते ठरवावयाचे तर त्याच रुमालातील मागचीपुढची पत्रे ताडून पाहावी लागतात. म्हणून रुमालातून निवडून काढलेले पत्र, मग ते कितीही थोर पुरुषाचे असो, निम्मे मुके होते. संग्राहकाच्या हौसेने होणारी ही हानी वाळवीच्या हानीहून कमी नाही.

वतनास बाध येईल या भीतीने अनेक घराणी कागद दाखवीत नसत. काही दप्तरे रद्दीत गेली. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत प्रसिद्ध झाले (१९३०–३४). पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. औरंगाबादच्या किलेअर्कातील शाहजहान व औरंगजेब यांच्या अमदानीतील फार्सी कागद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादेस हलविण्यात आले. मराठवाड्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास त्यांसाठी तेथे जावे लागते.