रिकाम्या जागेने पुसलेल्या डिस्क

जानेवारी २०१५. लिनक्सवर ‘स्टीम’ हा खेळांचा मंच वापरणाऱ्या एकाने आपली स्टीमची डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवली, जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारा दुवा ठेवला आणि स्टीम पुन्हा सुरू केले. थोड्याच वेळात ध्यानात आले, की त्याच्या मालकीच्या सर्व फाइली नाहीशा झाल्या आहेत. जोडलेल्या बॅकअप डिस्कवरच्यासुद्धा. विषाणू नव्हता, घुसखोरही नव्हता. स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या एका ओळीने हे केले होते, आणि त्या ओळीपाशी ‘भयंकर!’ अशा अर्थाची टीप लिहिणाऱ्यानेच नोंदवून ठेवली होती.

ती ओळ सांगत होती : ‘स्टीमरूट’ या चलात (म्हणजे व्हेरिएबलमध्ये) जो पाथ असेल, त्याच्यापुढे तिरपी रेघ लावावी आणि तिच्याखालचे सारे पुसावे. चलात पाथ असेतोवर यात वावगे काहीच नाही. परंतु स्वतःचा ठावठिकाणा शोधताना स्क्रिप्ट अपयशी ठरली, की चल रिकामे राही. मग उरे फक्त ‘/*’, म्हणजे फाइलव्यवस्थेच्या मुळाखालचे सर्व काही.

पाथमध्ये चल घालण्याची ही पद्धत आली कोठून? १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. डिरेक्टरीत डिरेक्टरी ठेवण्याची कल्पना त्यांनी मल्टिक्स या आधीच्या प्रणालीकडून घेतली. तिथे पाथचे भाग ‘>’ या चिन्हाने वेगळे होत, युनिक्सने ‘/’ निवडले. थॉम्प्सन यांच्या मूळ शेलमध्ये नाव दिलेली चले नव्हतीच. स्क्रिप्टला पुरवलेले शब्द क्रमांकाने मिळत, एवढेच. सत्तरच्या दशकात जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये एकेका अक्षराची चले आणली. खरा पालट झाला तो १९७९ मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांचा शेल आला तेव्हा. (बोर्न हे अल्गोल ६८ या भाषेत मुरलेले, ‘इफ’ने उघडलेले वाक्य उलट्या अक्षरांच्या ‘फाय’ने मिटवण्याची लकब तिथलीच.) ‘होम’ आणि ‘पाथ’ ही चले याच आवृत्तीपासून सर्वपरिचित झाली. प्रत्येकाचे घर वेगळे, प्रत्येक यंत्राची मांडणी वेगळी. तेव्हा पत्ता स्क्रिप्टमध्ये कोरून न ठेवता चलात ठेवावा, म्हणजे तीच स्क्रिप्ट कोठेही चालेल, हा विचार निःसंशय मोलाचा होता.

पण बोर्न शेलने एक सवय जडवली. चलाच्या जागी मजकूर ठेवल्यावर शेल तो मजकूर पुन्हा वाचतो आणि मोकळी जागा दिसेल तिथे त्याचे तुकडे पाडतो. एका चलात चार फाइलींची नावे ठेवली तर चार शब्द मिळावेत, ही त्यामागची सोय. तुकडे नको असतील तर चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे द्यावी लागतात. त्या काळी ही अट कोणास जाचली नसावी : युनिक्समध्ये फाइलच्या नावाला जेमतेम १४ अक्षरे मिळत, त्यातले एक मोकळ्या जागेवर कोण उधळणार?

तिकडे १९८४ मध्ये मॅकिंटॉश अवतरला. तिथे आज्ञा टंकायच्याच नव्हत्या; चित्रांवर माउस फिरवायचा. साहजिकच माणसे डिस्कला, फाइलला माणसांसारखी, सुटसुटीत शब्दांची नावे देऊ लागली. ‘मॅकिंटॉश एचडी’ या डिस्कच्या नावातच मोकळी जागा आहे. सतरा वर्षे हे दोन्ही संसार वेगवेगळे नांदले. मार्च २००१ मध्ये मॅक ओएस टेन आले आणि मॅकच्या देखण्या पडद्यामागे युनिक्स येऊन बसले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ॲपलने आयट्यून्सची दुसरी आवृत्ती प्रसृत केली. जुने आयट्यून्स पुसून नवे बसवण्याचे काम एका शेल स्क्रिप्टकडे होते. डिस्कचा पाथ चलातून येई आणि त्या चलाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. नावात मोकळी जागा असलेली डिस्क समोर आली, की पाथचे दोन तुकडे पडत आणि ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा पत्ता समजे. पहिला तुकडा दुसऱ्याच एखाद्या डिस्कच्या नावाशी जुळला, तर ती डिस्क संपूर्ण पुसली जाणार! डिस्कचे अनेक भाग पाडलेल्या काही लोकांची माहिती खरोखरच गेली. ॲपलने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन २.०.१ दिली. नारायणराव पेशव्यांच्या आख्यायिकेत निदान ‘ध’चा ‘मा’ करावा लागला होता; येथे एकही अक्षर बदलले नाही.

तुकडे पाडण्याचा हा दोष जाणकारांना फार आधी दिसला होता. बेल प्रयोगशाळेतच टॉम डफ यांनी रचलेल्या ‘आरसी’ शेलमध्ये चल हे मुळात शब्दांची यादी असते, म्हणून ते पुन्हा तुटत नाही. १९९० मधला पॉल फॉलस्टॅड यांचा ‘झी शेल’ही एरवी तुकडे पाडत नाही. परंतु १९९२ च्या पॉझिक्स मानकाने बोर्न शेलचाच वारसा प्रमाण मानला. लक्षावधी जुन्या स्क्रिप्ट मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. हा निर्णय व्यवहार्य होता. निर्दोष मात्र म्हणता येणार नाही.

स्टीमच्या ओळीत अवतरणचिन्हे होती, हे येथे नमूद केले पाहिजे. तिथला दोष रिकामेपणाचा. त्यावर ग्नू प्रकल्पाच्या ‘आरएम’मध्ये २००६ पासून एक पहारा होता : ‘/’ पुसण्यास सांगितले तर ती आज्ञा नकार देते. पण ‘*’चा विस्तार शेल आधीच करतो, ‘आरएम’च्या हाती पोहोचते ती मुळाखालच्या डिरेक्टऱ्यांची यादी, आणि त्या यादीत ‘/’ नसतो. न दिलेले चल वापरले तर स्क्रिप्ट थांबवणारा ‘यू’ हा पर्याय तर १९७९ च्या बोर्न शेलपासूनच आहे. तोही कामी आला नसता, कारण ‘स्टीमरूट’ला किंमत दिलेली होती, ती किंमत शून्य अक्षरांची होती, इतकेच. चल रिकामे असेल तरीही थांबावे, असे शेलला सांगायचे तर नावानंतरच्या प्रश्नचिन्हाआधी एक अपूर्णविराम द्यावा लागतो.