दोन षटकांच्या मधला उमेदवार

खाप्यात निवडणुकीला उभे राहणे आणि कन्हानला पूर आलेला असताना पोहायला उतरणे, या दोन गोष्टी आमच्या आजीच्या मते सारख्याच होत्या. दोन्हींत माणूस आपल्या पायाने उतरतो, काठावरचे लोक "उतरा जी, उतरा, आमी हाओत ना" म्हणतात, आणि पुढे तो कोणत्या गावाला निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. आजी हे सांगायची तेव्हा आमचे मामाजी मान डोलवत. म्हणजे त्यांना ते पटत असे. तरीही ते नगरपरिषदेला उभे राहिले.

साल सांगत नाही. २००४ च्या नंतरचे आणि २०१४ च्या आधीचे, एवढ्यावर भागवून घ्या. मामाजी अजून चष्मा लावून सगळे वाचतात.

मामाजींच्या घरी दोन हातमाग. आमचा खापा दोन गोष्टींसाठी नावाजलेला, एक मँगनीज आणि दुसरे लुगडे. मँगनीज शेजारच्या गुमगावच्या खाणीतून निघते आणि लुगडे मामाजींसारख्यांच्या पाठीच्या कण्यातून निघते. त्यांच्या मागाच्या खोलीवरचे कवेलू जागोजाग फुटले होते. पावसाळ्याआधी ते फेरायचे म्हणून मामीजींनी साखरेच्या डब्यात पैसे जमवले होते. या गोष्टीत तो डबा महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेवा.

प्रचाराला लागायची वेळ आली तेव्हा मामाजींनी मला बोलावले. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. इतिहासाच्या मास्तरला घरात कुणी काही विचारत नाही. एकदा विचारले तर तो सोडत नाही.

"मामाजी," मी म्हणालो, "दारोदार हिंडायचे दिवस गेले. रविवारी भारताचा सामना आहे. सारा वॉर्ड टीव्हीसमोर असणार. केबलवाल्याला सांगून पडद्याच्या खाली आपल्या नावाची पट्टी फिरवा. रीतसर परवानगी काढू. एका दिवसात घराघरात!"

"थे पैसे?"

मी साखरेच्या डब्याकडे पाहिले. मामीजींनी माझ्याकडे पाहिले. असो.

मामाजी कचरले, तेव्हा मी त्यांना इतिहास सांगितला. एके काळी प्रचार म्हणजे चुन्याने रंगवलेली भिंत, सायकलरिक्षावरचा भोंगा आणि टिनाचे बिल्ले. बैलजोडी, पणती, पुढे गायवासरू. आम्ही पोरे सगळ्याच पक्षांचे बिल्ले छातीवर लावून हिंडत असू. इतकी सर्वसमावेशक छाती पुढे कोणत्याही पुढाऱ्याला जमली नाही. मग १९७७ च्या निवडणुकीत पक्षांना रेडिओवरून बोलायला फुकट वेळ मिळाला. १५ ऑगस्ट १९८२ ला नागपूरला दूरदर्शन केंद्र आले, आणि खाप्यात ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी चपलांचा ढीग दिसू लागला.

त्या चपलांची खरी ताकद मला कळली ती ३१ ऑक्टोबर १९८७ ला. नागपूरच्या मैदानावर विश्वचषकातला न्यूझीलंडशी सामना. आधी चेतन शर्माने लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवले, विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग अंगात ताप असलेल्या गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा ठोकल्या, एकदिवसीय सामन्यातले त्याचे पहिले आणि शेवटचे शतक. त्या दिवशी खाप्याच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते. मी मामाजींना म्हणालो, "त्या दिवशी कुणी टीव्हीतून मत मागितले असते तर?"

"कोनी देल्लं नसतं," मामाजी म्हणाले. "गावसकरले सोडून."

इथेच मी थांबायला हवे होते. पण मास्तर तास संपल्याशिवाय थांबत नाही. मी २००४ वर आलो.

२००३-०४ चा तो हिवाळा तुम्हालाही आठवत असेल. सचिनने सिडनीला नाबाद २४१ केले त्याच दिवसांत, टीव्ही लावला की केंद्र सरकारची 'इंडिया शायनिंग', म्हणजे 'भारत उदय', ही जाहिरात दिसे. हिरवी शेते, हसरे शेतकरी, सगळीकडे ऊन कसे कोवळे. एका संध्याकाळी शेजारच्या काकाजींकडे आम्ही दहा-बाराजण बसलो होतो. जाहिरात लागली, शेत चमकले, आणि लाईन गेली. अंधारात काकाजी शांतपणे म्हणाले, "झाला उदय. आता कंदील आना."

२९ फेब्रुवारीला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहितेने सरकारी जाहिरात थांबली. पक्षांना स्वतःची जाहिरात टीव्हीवर देता येत नव्हती, कारण केबलच्या १९९४ च्या नियमांत राजकीय जाहिरातींना मनाई होती. प्रकरण आंध्र उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ एप्रिल २००४ ला आदेश आला की निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेकडून आधी तपासून घ्या आणि मग खुशाल दाखवा. गंमत अशी की त्याच दिवशी रावळपिंडीला पाकिस्तानविरुद्धची कसोटी सुरू झाली. द्रविडने तिच्यात २७० धावा केल्या. म्हणजे टीव्हीचे दार उघडले त्या दिवशी आत सारा देश बसलेला होता.

"मंग? उदयवाले जितले का?" मामाजींनी विचारले.

नाही. १३ मे ला निकाल लागला तेव्हा भाजप १८२ वरून १३८ वर आला आणि काँग्रेस १४५ वर गेली. पण आमच्या रामटेक मतदारसंघात निवडून आले ते शिवसेनेचे सुबोध मोहिते, म्हणजे उदयवाल्यांच्याच आघाडीचे. काँग्रेसचे श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्या मोजताना आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर दमत, ते थोडक्यात हरले. देशभर जी जाहिरात पडली ती आमच्याकडे पास झाली! यातून इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने एवढेच शिकायचे की मतदार जाहिरात पाहून मत देतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. मी मात्र त्यातून शिकलो की पट्टी फिरवावी. शहाणपण आणि पदवी यांचा संबंध मी तेव्हापासून कुणाला शिकवत नाही.

रविवार उजाडला. सामना रंगला. पडद्याच्या तळाशी मामाजींची पट्टी डावीकडे सरकू लागली: 'आपला माणूस, आपल्या वॉर्डाचा माणूस, निशाणी कपबशी, कपबशी, कपबशी.' पहिल्या तासात आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या तासात एक बारीकशी गोष्ट ध्यानात आली. ज्या जागी पट्टी फिरत होती, त्याच जागी धावसंख्या लिहून येत होती.

शेवटची षटके आली. साऱ्या वॉर्डात एकच प्रश्न.

"किती पायजे जी?"

"कपबशी."

"अन् चेंडू किती रायले?"

"कपबशीच दिसून रायली बापा!"

मी केबलवाल्याकडे धावलो. तो कुलूप लावून कुठेतरी सामना पाहायला गेला होता. पट्टी यंत्रावर लावून दिलेली, ती आपली फिरतेच आहे. आणि अशा वेळी आमच्या विरोधी उमेदवाराने काय करावे? तो कानाला ट्रान्झिस्टर लावून गल्लीत शिरला आणि दाराशी उभा राहून धावा सांगू लागला. "अकरा पायजे काकाजी, सात चेंडू हायेत." लोक म्हणाले, "या ना जी, बसा." तो खाटेवर बसला. सामना संपेपर्यंत त्याने तीन घरी चहा घेतला, एका घरी नळाला धार किती बारीक येते ते वाकून पाहिले आणि एका म्हातारीचा निराधार योजनेचा कागद खिशात घातला. मामाजी तेव्हा घरी बसून आपले नाव डावीकडे सरकताना पाहत होते.

सत्तेचाळीस मतांनी पडले.

मामीजी काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये पाऊस बोलला. मृगातच मागाच्या खोलीत पाणी गळू लागले आणि मागावर चढवलेला अख्खा ताणा भिजला. रंग एकमेकांत उतरले. महिनाभराचे काम गेले. मी भांडी मांडायला धावलो. मामाजींनी माझ्या हातात एक पातेले दिले आणि गळतीखाली उभे केले. तासभर मी तसाच उभा. आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो तास मला जास्त शिकवून गेला.

तेव्हापासून मी या विषयाचा मागोवा घेतो. २००९ साली निवडणुकीमुळे अख्खी आयपीएलच दक्षिण आफ्रिकेला गेली. २०१४ ला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ६ एप्रिलला होता आणि ७ एप्रिलला मतदान सुरू झाले. 'अबकी बार' ही ओळ पोरे पाढ्यांच्या चालीवर म्हणत होती. तो पक्ष २८२ जागांवर गेला. म्हणजे जाहिरातवाला जिंकतोही. २०१९ ला आयपीएल दाखवणाऱ्या वाहिनीने राजकीय जाहिराती घेऊ का म्हणून विचारले, तेव्हा क्रिकेट मंडळाने करारातल्या मनाईवर बोट ठेवून नाही म्हटले. क्रिकेट मंडळाने पैशाला नाही म्हटल्याचे मी दोनदा वाचले, तेव्हा कुठे खरे वाटले.

आमच्या मामाजींचे खरे गुरुबंधू मात्र अमेरिकेत निघाले. तिथे 'सुपर बोल' नावाचा फुटबॉलचा सामना असतो. २ फेब्रुवारी २०२० च्या सामन्यात ट्रम्प आणि ब्लूमबर्ग या दोघांनी एकेक मिनिट विकत घेतले, प्रत्येकी सुमारे १ कोटी डॉलर मोजून. ब्लूमबर्ग महिन्याने शर्यतीतून बाहेर पडले. त्या साऱ्या दौलतीतून त्यांनी एकच जागा जिंकली, पॅसिफिकमधले अमेरिकन सामोआ, तीही १७५ मतांनिशी. ट्रम्पही नोव्हेंबरात हरले. हे मी मामाजींना सांगितले तेव्हा ते कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. "एकशे पंच्याहत्तर? आपल्या वॉर्डात मले याच्याहून जास्त पडले होते!"

मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "पन त्याच्या घरचं छप्पर नसन गळलं."

विषयाची गाठ इथे आहे. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे. २००४ ला मोठ्या राज्यांत २५ लाख होती, २०२२ पासून ९५ लाख. पण पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटले होते की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि तो खर्च पुन्हा हिशेबाबाहेर गेला. दहा सेकंदांना लाखांत भाव असलेली जागा घ्यायला पैसा येतो कुठून, हे विचारावे तर २०१८ पासून निवडणूक रोख्यांवर देणाऱ्याचे नावच मतदाराला कळत नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

तेव्हा सामन्याच्या मध्ये पक्षांनी जाहिरात घ्यावी का? माझे म्हणणे, घ्यावी, पण मामाजींसारखी घ्यावी. डबा कुणाचा ते साऱ्या वॉर्डाला ठाऊक असावे, आणि डब्याला तळ असावा. बाकी दूरदर्शन-आकाशवाणीवर पक्षांना फुकट वेळ मिळतोच, कुणी कधी बोलायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरते. ते कुणी ऐकत नाही हे खरे. पण त्यापायी कुणाचा ताणाही भिजत नाही.

मागच्या निवडणुकीच्या दिवसांत मी मामाजींकडे सामना पाहत होतो. षटक संपले, जाहिराती लागल्या. मामाजी उठून मागाच्या खोलीत गेले आणि मान वर करून कवेलू पाहून आले.

"गळते का?" मी विचारले.

"नाही. आता कायचं गळते? मामीनं डबा बदलवला," ते म्हणाले. "कुठी ठेवला, थे मले बी सांगत नाही. तुले तर नाहीच नाही."