आपत्तीच्या नकाशावर आपली वस्ती कुठे आहे?

प्रत्येक पुरानंतर आपल्याला ऐकवले जाते की आपत्तीला जात नसते. पाणी दार बघून शिरत नाही, भूकंप आडनाव विचारत नाही, वगैरे. ठीक आहे, पाण्याचे सोडून देऊ. पाणी ओसरल्यावर जी मदत येते तिचे काय? ती कुठे जायची हे माहितीवर ठरते. आणि माहिती कोण देतो, कोणत्या भाषेत देतो, कोणाच्या नावाची यादी पुढे सरकवतो, हे समाजरचना ठरवते. गेल्या वीस वर्षांत इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी आपत्तीच्या काळात मोठे काम उभे केले. हा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे. त्यात कौतुकासारखे पुष्कळ आहे, आणि न विचारलेले प्रश्नही आहेत.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावरचे देश उद्ध्वस्त केले. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळी ट्विटर नव्हते, व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. मुंबईतल्या पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता यांनी एक साधा फुकटचा ब्लॉग उघडला. हेल्पलाइनचे क्रमांक, बेपत्ता माणसांची चौकशी, मदत कोण घेते आणि कुठे पाठवायची, ही माहिती त्यावर येऊ लागली. श्रीलंकेतला एक ब्लॉगर किनाऱ्यावरून एसएमएस करायचा, इकडे ते मजकूर ब्लॉगवर लागायचे. काही दिवसांत देशोदेशीचे स्वयंसेवक जोडले गेले आणि लाखो लोकांनी तो ब्लॉग पाहिला. सरकारे गोंधळलेली असताना पगार नाही, कार्यालय नाही अशा माणसांनी हे केले. आज आपण ज्याला ऑनलाइन मदतकार्य म्हणतो त्याची आपल्याकडची सुरुवात साधारण इथून धरता येते.

त्याच आठवड्यात तमिळनाडूच्या नागपट्टिणमला काय चालले होते? त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मेली. प्रेते उचलायला दुसऱ्या शहरांतून नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते कोण असणार हे तुम्हाला सांगायला नको. मच्छीमार समाजाची हानी सर्वांत मोठी होती यात वाद नाही, आणि तोही समाज मागासच आहे. पण मदतीच्या याद्या मच्छीमारांच्या जातपंचायतींमार्फत तयार होत होत्या. दलित कुटुंबांकडे होडी नव्हती, जाळे नव्हते. कोणी मासळी वाहायचे, कोणी होडीवर मजुरी करायचे, कोणी किनाऱ्यालगतच्या शेतात राबायचे. समुद्राने शेत खारट केले आणि होड्या फोडल्या, तेव्हा यांची मजुरी बुडाली. पण ‘आपद्ग्रस्त’ या शब्दाची व्याख्याच होडी, जाळे आणि किनाऱ्यावरचे घर अशी झालेली. मग हे यादीत येणार कुठून? निवारा छावण्यांतून दलितांना बाहेर काढले गेले, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी नॅशनल कॅम्पेन ऑन दलित ह्यूमन राइट्सने नोंदवल्या. ह्यूमन राइट्स वॉचनेही पुढे २००५ च्या अहवालात दलितांना मदतीत डावलल्याबद्दल लिहिले.

इथे ब्लॉग चालवणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी जे आले ते प्रामाणिकपणे पुढे दिले. प्रश्न हा आहे की त्यांच्यापर्यंत काय येऊ शकत होते? इंग्रजी लिहिता येणारा, इंटरनेटजवळ असलेला माणूस जे कळवेल ते. छावणीबाहेर काढलेल्या मजूर बाईचा निरोप त्या साखळीत शिरायला दारच नव्हते. होड्यांची माहिती तासांत पोचली. पाण्याच्या टाकीची माहिती अहवाल होऊन आली, तोवर टाकीची गरज संपलेली होती.

मोजणी हा आपल्यासाठी नवा विषय नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, असा प्रश्न आला. मताधिकार आणि प्रतिनिधित्व त्या आकड्यावर ठरणार होते. काही प्रांतांतून एकाएकी असे सांगितले जाऊ लागले की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १ मे १९३२ रोजी त्यांनी स्वतंत्र टिपण दिले आणि ही पळवाट उघडी केली. आकडा कमी दाखवला की हक्कही कमी होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जो मोजला जात नाही त्याला भाकरीही मिळत नाही, हे आपण छावणीत बघतो.

अमेरिकेतही वेगळे घडले नाही. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. ज्यांच्याकडे गाडी होती ते शहराबाहेर पडले. मागे राहिले ते बहुसंख्य गरीब आणि काळे. बेपत्तांच्या चौकशा वेगवेगळ्या संकेतस्थळांवर विखुरल्या होत्या. हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून त्या एकेक वाचल्या आणि एका साच्यात भरल्या. पुढे गूगलचे पर्सन फाइंडर त्याच साच्यावर उभे राहिले आणि २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात ते हिंदीतही होते. पण त्या पहिल्या आठवड्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. दोन वृत्तछायाचित्रे इंटरनेटवर लोकांनी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाण्याचे सामान नेणारी माणसे. काळ्या तरुणाखाली लिहिले होते की त्याने दुकान लुटले, गोऱ्या जोडप्याखाली लिहिले होते की त्यांना सामान सापडले. दोन वृत्तसंस्था, दोन ओळी. हे ताबडतोब चव्हाट्यावर आले ते सामान्य लोकांच्या हातात प्रसाराचे साधन होते म्हणून. ‘मूकनायक’ १९२० साली कशासाठी काढावा लागला हे ज्याला कळते, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता हैती. हा देश आपल्या वाचकांना माहीत असायला हवा, कारण गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचे राज्य स्थापन केले ते इथे. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भरता येणारा जगाचा नकाशा. त्यावर हे शहर जवळपास कोरे होते. चार मोठे रस्ते, बाकी काही नाही. गरिबांच्या वस्त्यांचा नकाशा काढण्यात कोणत्या कंपनीला फायदा असतो? भूकंपानंतर उपग्रहाची छायाचित्रे खुली केली गेली आणि शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या घरून गल्ल्या, पूल, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या भरायला घेतल्या. दोन-तीन आठवड्यांत तो नकाशा शोधपथकांच्या हातातल्या यंत्रांत गेला.

त्याहून मोलाचे काम झाले ते ४६३६ या क्रमांकावर. साध्या मोबाइलवरून या क्रमांकाला फुकट एसएमएस करता येई. हैतीत सत्तेची भाषा फ्रेंच, लोकांची भाषा क्रेयोल. निरोप क्रेयोलमध्ये येत आणि मदतपथकांना ती येत नव्हती. तेव्हा परदेशी राहणाऱ्या हैतीच्या माणसांनी, हजाराहून अधिक जणांनी, रात्रंदिवस भाषांतर केले. ते नुसती भाषा बदलत नव्हते. ‘अमक्या चर्चच्या मागे, उताराला’ एवढ्यावरून ती जागा कुठली, हे त्यांनाच कळत होते, कारण ते त्याच गल्ल्यांत वाढले होते. हे निरोप ज्या नकाशांवर टिपले गेले त्यातला एक ‘उशाहिदी’ या साधनावर बनलेला. हे साधन केनियातल्या तरुणांनी २००८ मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी बनवले. स्वाहिली भाषेत त्या शब्दाचा अर्थ साक्ष. प्रत्येक निरोपाला मदत पोचली असे अजिबात नाही. मोठ्या संस्थांना बाहेरून आलेली ही माहिती वापरायची कशी हेच उमजत नव्हते. तरी इथे दार उघडे होते: साधा फोन, फुकट निरोप, आपली भाषा, आणि ऐकणारा आपल्या वस्तीतला. त्सुनामीच्या ब्लॉगपाशी नेमके हेच नव्हते.

आपल्या महाराष्ट्राकडे बघा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे, बहुतेक आदिवासी. बाहेरच्या जगाला पहिली खबर कोणी दिली? एसटीच्या चालकाने. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तर समोर गावच दिसेना. पुण्याच्या आयटी पार्कपासून काही तासांवरची ही गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी, २०१५ च्या डिसेंबरात, चेन्नई बुडाली. तिथल्या तरुणांनी खुल्या तक्त्यांत निवारे, जेवण, बोटी यांची माहिती जमवली, बुडालेले रस्ते नकाशावर रंगवले. उत्तम काम. त्याच पावसाळ्यात कडलूर जिल्ह्यात नोव्हेंबरपासून सखल भागातल्या दलित वस्त्या पाण्यात होत्या. त्यांच्यासाठी असा गलका कोणी ऐकला? आणि चेन्नईतला कचरा उचलायला पुन्हा इतर जिल्ह्यांतले सफाई कामगार आणले गेले. नागपट्टिणमनंतर अकरा वर्षांत साधने बदलली, कचरा उचलणारे हात तेच राहिले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळने एक पाऊल पुढे टाकले. संगणक क्षेत्रातल्या स्वयंसेवकांनी राज्य सरकारच्या यंत्रणेबरोबर ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ चालवले. कोणी कुठे अडकले आहे ही विनंती अर्जात भरायची, ती फोन करून तपासली जायची आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जायची. पण विनंती आल्यावर प्रत्यक्ष माणूस बाहेर काढला कोणी? ट्रकवर होड्या चढवून आलेल्या मच्छीमारांनी. मुख्यमंत्र्यांनी त्यांना केरळचे सैन्य म्हटले. कौतुकाच्या लेखांत मात्र अ‍ॅपच जास्त दिसते, खांदा कमी. ही जुनी सवय आहे, श्रमापेक्षा श्रमाची नोंद ठेवणारा मोठा.

या सगळ्यात मला आपल्या कामाच्या सर्वांत जवळचे वाटते ते बिहारचे उदाहरण, आणि त्यात तंत्रज्ञान फार नाही. १८ ऑगस्ट २००८ ला कोसी नदीने कुसहाजवळ बांध फोडला. ‘दलित वॉच’ नावाने संघटना एकत्र आल्या आणि कार्यकर्ते छावण्यांत जाऊन विचारू लागले: इथे कोणत्या जातीचे किती लोक आहेत, छावणी दलित टोल्यापासून किती लांब आहे, रेशन कोण वाटतो? हे प्रश्न कोणत्याही ऑनलाइन अर्जात मी अजून पाहिलेले नाहीत. नाव, फोन, ठिकाण, किती माणसे, एवढेच रकाने. वस्तीचा रकाना टाका म्हटले की ‘अशा वेळी जात कशाला’ हे उत्तर मी स्वतः एका बैठकीत ऐकले आहे. अशा वेळी जात नको, हे टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला सांगा ना!

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ६१. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. पण भेदभाव झाला हे सिद्ध करायला नोंद लागते, आणि वस्तीनिहाय नोंद कोणी ठेवतच नसेल तर कलम कागदावर राहते. मात्र एक खबरदारी घेतलीच पाहिजे. जात आणि फोन क्रमांक असलेली यादी खुल्या तक्त्यात टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे म्हणजे आपल्याच बायाबापड्यांना धोक्यात घालणे. मोजणी वस्तीची करा: घरे किती, पाणी आले की नाही, मदत कोणत्या तारखेला पोचली. व्यक्तीचे नाव आणि क्रमांक विश्वासातल्या दोघातिघांकडेच राहू द्या.

आणि हे पूर येण्याआधी करावे लागते. ओपनस्ट्रीटमॅपवर आपले गाव उघडा. देऊळ, ग्रामपंचायत, मुख्य रस्ता दिसेल. गावकुसाबाहेरची, ओढ्याच्या उताराला असलेली आपली वस्ती दिसते का? इथे एक खास महाराष्ट्राची अडचण आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्यच झाले, ती नावे जायलाच हवी होती. पण आता एकाच तालुक्यात तीन समतानगरे आणि चार भीमनगरे असू शकतात, जुन्या कागदांत नाव वेगळे, आणि नकाशावर कुठलेच नाही. रात्री दोन वाजता बोट घेऊन आलेला जवान ‘समतानगर कुठे?’ असे विचारेल तेव्हा त्याला कोणते पाठवणार? जुने नाव नकाशावर पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून आम्ही आमच्या भागात गावाचे नाव, त्यापुढे वस्तीचे नवे नाव, विहाराची खूण आणि तिथपर्यंत जाणारा रस्ता, असे भरतो आहोत. आतापर्यंत अकरा वस्त्या झाल्या. दोन ठिकाणी वस्तीकडे जाणारा रस्ता कुठल्याच नकाशात नव्हता, तो तरुणांनी मोबाइल खिशात ठेवून, पायी चालून उमटवला.