व्हायोलेटची पाठवणी

आफ्रिकन व्हायोलेटचं नुसतं एक पान नेटवरून मागवता येतं. ओलसर कागदात गुंडाळून येतं; देठ मातीत खोचला की काही आठवड्यांनी बुडाशी इवली इवली रोपं! (काही पट्टेरी फुलांच्या जाती मात्र पानापासून तशाच उतरत नाहीत. त्यांचं रोपच घ्यावं.)

पण मंडळी, पाठवणी या पोरीच्या नशिबी पहिल्यापासूनच. १८९२ च्या सुमारास जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, उसांबारा डोंगरातून सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने तिला वडिलांकडे जर्मनीत धाडलं. १८९३ मध्ये हॅनोव्हरच्या हेर्मान वेंडलँड यांनी बारसं केलं, 'सेंटपॉलिया'. झाड तिथलं, नाव साहेबाचं! खऱ्या व्हायोलेटशी तर नातंच नाही. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या एका रोपवाटिकेने जर्मनी-इंग्लंडहून बी मागवलं, त्यातून नव्या जाती निवडल्या, आणि ती अमेरिकेतल्या खिडक्यांत जाऊन बसली.

२०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत घातलं, साहेबाचं नाव मागे पडलं. जर्मन लोक मात्र तिला 'उसांबाराचं व्हायोलेट'च म्हणतात, ते मला आवडतं. तेवढीच माहेरची खूण. त्या माहेरी शेतीपायी जंगल तुटत गेलं. काही रानजाती आता सावलीतल्या मोजक्या ओल्या कातळांवर तग धरून आहेत.