'तोंड दाखवायला जागा नाही': मनात रुतलेली लाज थेरपीत कशी हलकी होते?

कोल्हापुरातल्या एका अभ्यासिकेत बसणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. गाव शिरोळ तालुक्यात, वडिलांची ऊसशेती, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि यादीत त्याचा नंबर नव्हता. संध्याकाळी घरून फोन आला, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "निघाली प्रिलिम."

त्यानंतर तो गावाकडे गेलेला नाही, जत्रेलासुद्धा नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. शेवटी तो समुपदेशकाकडे जातो, पण तक्रार सांगतो ती झोपेची.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण घडतं ते असंच. लाज स्वतःच्या नावाने कधी दवाखान्यात येत नाही. ती झोप, चिडचिड, दारू किंवा सततची डोकेदुखी यांच्या आड लपून येते.

लाज आणि अपराधीपणा एकच का?

नाही. "मी चूक केली" हा अपराधीपणा. "मीच एक चूक आहे" ही लाज.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली 'शेम अँड गिल्ट इन न्यूरोसिस' या पुस्तकात हा फरक मांडला. अपराधीपणात लक्ष कृतीवर असतं, लाजेत ते पूर्ण स्वतःवर येतं. उपचारांच्या नोंदी तपासताना लुईस यांना आणखी एक गोष्ट दिसली. बोलण्यात लाज ठिकठिकाणी होती, पण तिचं नाव कुणीच घेत नव्हतं.

या फरकाचा परिणाम वागण्यावर होतो. चूक वाटली तर माणूस माफी मागतो, भरपाई करतो. स्वतःचीच लाज वाटली तर तो लपतो.

मराठीने हे कधीच ओळखलंय. आपण म्हणतो, मान खाली गेली, नाक कापलं, तोंड दाखवायला जागा उरली नाही. मान, नाक, तोंड, म्हणजे सगळं दुसऱ्याला दिसणारं. लाज दुसऱ्याच्या नजरेत जन्मते. म्हणूनच एकट्याने खोलीत बसून ती सहसा जात नाही. ती हलकी व्हायला समोर दुसरा माणूस लागतो, सगळं ऐकूनही नजर न फिरवणारा.

थेरपिस्ट नेमकं काय करतो?

पहिलं म्हणजे घाई करत नाही. लाजेच्या खुणा बारीक असतात. नजर जमिनीकडे जाते, आवाज उतरतो, माणूस हसून विषय बदलतो. अशा वेळी "त्यात काय एवढं, विसरून जा" म्हटलं की दार बंद होतं. ऐकणाऱ्याला ते कानावर घ्यायचंच नाही, असा त्याचा अर्थ लागतो.

आपल्या उदाहरणातला तरुण चौथ्या भेटीत एकदाचं बोलतो, "मॅडम, मी घरात खोटं सांगितलंय. आता घरला जायचंच बंद केलंय." चांगला थेरपिस्ट इथे लगेच उपाय सुचवत नाही. तो विचारतो, "हे सांगताना आत्ता काय होतंय?" थोड्या वेळाने विचारतो, "हे ऐकून माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आलं असेल, असं वाटतं?" तरुणाला तिरस्काराची खात्री असते. तो मान वर करतो, तर समोर तिरस्कार नसतो. लाजेने रंगवलेलं भाकीत तिथे खोटं पडतं. असं वारंवार घडलं की मन नवं काही शिकतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या एका निबंधात बदलासाठी लागणाऱ्या गोष्टी सांगितल्या. त्यात थेरपिस्टचा खरेपणा, समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं आणि बिनशर्त स्वीकार या होत्या.

म्हणजे सगळं माफ?

मुळीच नाही. माणसाचा स्वीकार म्हणजे त्याच्या प्रत्येक वागण्याला मान्यता नव्हे. वडिलांशी खोटं बोलणं चूकच होतं. पण "मी नालायक आहे" या ओझ्याखाली तो ते खोटं आणखी वाढवत जाईल. लाज थोडी उतरली की तिच्याखालचा अपराधीपणा मोकळा होतो, आणि अपराधीपणाला पुढचं पाऊल टाकता येतं. या तरुणासाठी ते पाऊल म्हणजे घरी केलेला एक फोन.

जिव्हाळ्याला मर्यादाही असतात. ठरलेली वेळ, ठरलेली फी, गोपनीयता. थेरपिस्ट मित्र किंवा नातेवाईक होत नाही.

प्रेमाने बोललं की लगेच बरं वाटतं का?

अनेकांना उलट त्रास होतो. करुणाकेंद्री थेरपी विकसित करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी दाखवून दिलं की काहींना मायेचीच भीती वाटते. थंडीने बधिर झालेली बोटं कोमट पाण्यात घातली की आधी झोंबतात, तसंच हे. म्हणून ऊब बेताबेताने द्यावी लागते.

थेरपिस्टकडूनही चुका होतात. बोलणं रंगात असताना त्याने घड्याळाकडे पाहिलं, तर लाजेने पोळलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. अशा वेळी "माझं लक्ष विचलित झालं, ते तुम्हाला लागलं असेल" असं थेरपिस्टने कबूल करणं हाही उपचारच असतो. नातं तुटतं तसं सांधताही येतं, हे अनेकांनी घरात कधी पाहिलेलंच नसतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोणतं?

पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर ते सुरू केलं. व्यसन आणि लाज यांचं चक्र असतं. पिण्याची लाज वाटते आणि ती विसरायला माणूस पुन्हा पितो. मुक्तांगणने शिक्षेऐवजी आपुलकीचा मार्ग धरला. तिथले अनेक समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. समोर बसलेला माणूसही कधीकाळी इथेच होता, हे कळलं की मान वर करणं सोपं जातं.

लाज नेमकी कुणाची?

काही लाज आपली नसतेच, ती लादलेली असते. अत्याचार झालेल्या मुलीला, कोड असलेल्या मुलाला, घटस्फोटितेला जी लाज वाटते, ती त्यांच्या कुठल्याही कृतीतून आलेली नसते.

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळे यांची हकीकत ठाऊक आहे. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन, लोकांदेखत त्यांच्या हातचा चहा घेतला. ही थेरपी नव्हती. लाज वाटायला हवी होती ती अस्पृश्यता पाळणाऱ्यांना. पण चारचौघांत झालेला अपमान चारचौघांतल्या मानानेच पुसावा लागतो, हे महाराजांनी ओळखलं होतं. थेरपिस्टही अशा वेळी माणसाला बदलायला जात नाही. हे ओझं कुणाचं आहे, हे तो त्याच्यासोबत तपासतो.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे.

थेरपिस्ट योग्य आहे का, हे कसं ओळखायचं? दोन-तीन भेटींनंतर स्वतःला विचारा, मी इथे आधीपेक्षा थोडं जास्त खरं बोलतोय की थोडं जास्त लपवतोय? लपवणं वाढत असेल तर तेच त्यांना सांगून बघा. ते ऐकूनही उपदेश किंवा टोमणाच मिळाला, तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.